मधात चूप राहण्याची नोकरी

आमच्या पेटीवरची पांढरी चार म्हणजे बँडवाल्यांचा एफ, ही साधी गोष्ट मला बेचाळिसाव्या वर्षी कळली. दुर्ग स्टेशनाला लागून रेल्वेची इन्स्टिट्यूट, म्हणजे नोकरमाणसांच्या करमणुकीची जागा, होती, तिच्या खिडकीबाहेर मी उभी होते आणि हातात वांग्यांची पिशवी होती. त्या दिवसापर्यंत मी नाटकातली बाई होते. त्यानंतरची नऊ वर्षं मी जॅझ गायले.

तुमच्या व्यवसायाविषयी लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी उलट टपाली विचारलं, कोणत्या? ते म्हणाले, दुसऱ्या. पहिल्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. खरं आहे. पण पहिल्याचे चार शब्द सांगितल्याशिवाय दुसरा कळायचा नाही, म्हणून ते आधी उरकते. भाषेचंही सांगून ठेवते. घरात मी मले-तुलेच बोलते. हे जे लिहिते आहे, ती नाटक कंपनीत पाठ केलेली भाषा आहे. आमच्या राण्या आणि प्रधानकन्या अशाच बोलायच्या.

कंपनी भंडाऱ्याकडची. धानाची कापणी आटोपली की आमचा हंगाम सुरू व्हायचा. रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंच घालायचा आणि आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या भरून माणूस यायचा. माईक नव्हता. शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याला पद ऐकू गेलं पाहिजे, एवढा एकच नियम. मी काळी पाचमध्ये गायचे आणि वरचा सा लावून उभी राहायचे. लोक त्या एका सुरासाठी यायचे, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. मालक स्वतःच तसं म्हणायचे, आणि मालक कोणाचं उगाच चांगलं म्हणणारे नव्हते.

एका हंगामात अंगात ताप असताना मी लागोपाठ प्रयोग केले. वरून दव पडत होतं. गळा बसला. पुढे आवाज परत आला, पण खालचा तेवढाच आला. वरचा सा गेला तो गेलाच. वैद्यांनी ज्येष्ठमध दिलं, मालकांनी दोन महिने दिले. मग एक दिवस मालक म्हणाले, "कुमुदबाई, आता तुम्ही आईची कामं करा." आईला पदं नसतात. आई पहिल्या अंकात आशीर्वाद देते आणि तिसऱ्यात रडते. दोन हंगाम मी आशीर्वाद दिले, रडले, आणि मग ट्रंक उचलून भावाकडे भिलाईला आले.

माझा भाऊ वासुदेव माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, त्याला मीच कंपनीबरोबर फिरवत वाढवलं. मिशी फुटली तशी मालकांनी त्याला एक काम नेमून दिलं, ते सांगते, कारण पुढे लागणार आहे. पद रंगलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडतात आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की पद फसलं तरी वन्स मोअर यायचा. तो कंपनीचाच माणूस द्यायचा. नटी शब्द विसरली आणि गप्प झाली, तर लोकांनी शिट्ट्या मारायच्या आत हा गर्दीतून ओरडायचा, त्याच्यामागे चार लोक ओरडायचे, आणि बाईला तेच पद धडपणे म्हणायला मिळायचं. तो ओरडणारा माणूस वासुदेव होता. माझी चूक त्याला माझ्याआधी कळायची.

पण नाटकाने त्याचं भलं केलं नाही. गावात त्याला 'नाटकवालीचा भाऊ' म्हणत. दोन सोयरिकी तेवढ्यावरून मोडल्या. भिलाईला रशियनांच्या मदतीने पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला, तसा तो पहिल्या लोंढ्यात इथे आला आणि खलाशी म्हणून लागला. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. दोर, कप्पी आणि खांद्याच्या जोरावर जड लोखंड उचलून जागेवर बसवणारी टोळी असते, तिला कारखान्यात खलाशी म्हणतात. पुढे त्याचं लग्न झालं, सेक्टर २ मध्ये क्वार्टर मिळालं. एका बाजूला आंध्राकडचे, दुसऱ्या बाजूला पंजाबातले, समोर बंगाली. सगळे नवीन, सगळ्यांच्या अंगणात सारखीच लाल धूळ. कोणाला कोणाचं मागचं माहीत नव्हतं. वासुदेवला नेमकं तेच हवं होतं.

मी आले त्या संध्याकाळी त्याने ट्रंक आत ठेवली आणि म्हणाला, "बाई, इथं मी सांगून ठेवलं हाये का तू मास्तरीण होती मनून. आता तसंच राहू दे." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी चौथी पास. दुसऱ्याच दिवशी शेजारणी आपापल्या पोरांच्या वह्या घेऊन दारात हजर. तिसरीपर्यंतचं मी निभावून नेलं. अपूर्णांक निघाले की माझं डोकं दुखायला लागायचं आणि वासुदेवची बायको यमुना त्यांना चहा पाजून परत पाठवायची. असं वर्ष गेलं. खायला होतं, पांघरायला होतं, भावजय चांगली होती. पण सकाळी उठून कशासाठी तोंड धुवायचं, हे मला कळत नव्हतं.

तर ती खिडकी. दुर्गला बाजार करून मी परतीच्या पॅसेंजरची वाट बघत होते. इन्स्टिट्यूटमध्ये रेल्वेतल्या पाच माणसांचा एक बँड होता. त्यांची गाणारी मुलगी लग्न करून विलायतेला गेली होती, म्हणून त्या दिवशी नुसतीच वाद्यं चालली होती. ट्रम्पेटवर एक सूर पुन्हा पुन्हा येत होता. मीही खालच्या आवाजात, शब्द नसताना, त्याच्याबरोबर जायला लागले. सवय, दुसरं काही नाही. ट्रम्पेट थांबला आणि खिडकीत एक टक्कल आलं. ते डिकॉस्टा. पार्सल ऑफिसात क्लार्क, बँडचे मुख्य. नागपूरला नोकरीत बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच.

"बाई, तुमीच गाऊन राहिल्या होत्या का?"

"नाही जी. चुकून निघालं."

"सूर कोणता धरला होता?"

"पांढरी चार."

ते आत गेले, पियानोची एक पट्टी दाबली, परत खिडकीत आले. "एफ. आत या."

मी आत गेले आणि पहिल्यांदा खरं काय ते सांगून टाकलं, की माझा गळा गेलेला आहे, वर जात नाही. डिकॉस्टा म्हणाले, "वर कोणाले जायचं हाये? वर माहा ट्रम्पेट हाये." पॅसेंजर निघून गेली. मी पुढच्या गाडीने घरी आले, वांगी कोमेजलेली.

वासुदेवला मी लपवलं नाही. तो म्हणाला, "गा. दुर्गात गा. भिलाईत नाही." मी कबूल केलं.

आता धंद्याचं. जॅझ म्हणजे धांगडधिंगा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी डिकॉस्टांनी मला सांगितलं तेच सांगते. गाणं आधी सरळ म्हणायचं, जसं आहे तसं. मग प्रत्येक वाजवणारा तेच गाणं आपल्या मनाने उलगडून दाखवतो, बाकीच्यांनी त्याला जागा द्यायची. मग सगळ्यांनी पुन्हा मूळ गाण्यावर यायचं. आपल्याकडे गाणारा पुढे आणि साथीदार मागे. तिथे गाणारी बाई सहांतली एक. इंग्रजी शब्द मी वहीत बाळबोध लिपीत लिहून घेतले आणि नक्कल पाठ करावी तसे पाठ केले. नक्कल म्हणजे नाटकातल्या आपल्या वाट्याच्या ओळी. मला रात्रभराच्या नकला पाठ असायच्या, तिथे ही बारा ओळींची गाणी काय. पहिल्या गाण्याचा अर्थ विचारला तर डिकॉस्टा म्हणाले, एक बाई आहे, तिचा माणूस परत येणार नाही, तरी ती रोज दिवा लावून ठेवते. मी म्हटलं, एवढंच? अशी बाई आमच्या प्रत्येक नाटकात होती.

इथपर्यंत सोपं वाटलं आणि तिथेच घात झाला.

ड्रम वाजवायला हॅरिस नावाचा माणूस होता. शंटिंग इंजिनाचा ड्रायव्हर. ड्युटीमुळे तालमीला दोनदाच आला, तेही अर्धा वेळ. तेव्हाच मला शंका आली होती की याचा ताल कच्चा आहे. पण तालमीत साथीदाराला चारचौघांत टोकायचं नाही, ही कंपनीची रीत. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये नाचाचा कार्यक्रम झाला, तो माझा पहिला. हॉल भरलेला, जोडपी नाचताहेत, मी दिव्याच्या गाण्याला सुरुवात केली. आणि हॅरिसचा ठोका समेवर येईना. चार मात्रांतली पहिली तो हलकीच सोडायचा आणि दुसरीवर जोरात मारायचा. पुन्हा चौथीवर. एकदा झालं, दोनदा झालं. मी समजून चुकले, गडी भरकटला आहे.

आता कंपनीत आमचा तबलजी प्यायचा. तो भरकटला की त्याला समेवर ओढून आणायचं काम नटीचं. बांगड्या सारल्यासारखं करून टाळी द्यायची, चालता चालता पाय आपटायचा, डोळ्याने दटावायचं. प्रेक्षकांना वाटतं अभिनय आहे. हे मी वीस वर्षं केलं होतं आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मी हॅरिसजवळ गेले, बांगड्या सारून सणसणीत टाळी दिली, पाय आपटला, डोळे वटारले. तो बिचारा सभ्य माणूस. बाईमाणूस काहीतरी सांगते आहे म्हणून माझ्यामागे यायला लागला. बाकीचे डिकॉस्टांबरोबर राहिले. दोन बैल दोन दिशांना. नाचणारी जोडपी एक पाय पुढे टाकून तशीच उभी राहिली. त्यात डिकॉस्टांनी आपलं उलगडून दाखवायला ट्रम्पेट तोंडाला लावला, तर मंच रिकामा वाटून मी त्यांच्या जागेत ताना मारल्या. गाणं कसं संपलं मला आठवत नाही. संपलं, एवढं खरं.

हॅरिसने टोपी घातली आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, अठारह साल से इंजन चला रहा हूँ. ऐसी लाल झंडी मुझे किसी ने नहीं दिखाई."

दुसऱ्या दिवशी डिकॉस्टांनी समजावलं. "हॅरिस चुकला नव्हता बाई. आमचा जोर दोनवर आन चारवरच असते."

"मग सम कुठे गेली?"

"सम हाये. पण तिच्यावर पाय नाही आपटत कोणी. आन दुसरं, मधातली सोळा आवर्तनं माही होती. तुमी खाऊन टाकली." मग त्यांनी ट्रम्पेट पुसायला घेतला. "भिलाईच्या क्लबात काही रशियन लोकाइचा निरोपाचा कार्यक्रम हाये, दीड महिन्यानं. तिथं जमलं तर दर शनिवारी आपल्याले बोलावतीन. नाही जमलं तर मले नागपूरहून दुसरी कोणी पाहा लागन. राग नका मानू."

मी राग मानला नाही. पण येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. आईचंही काम मागे सोडून आले होते, त्यामुळे हे गेलं तर मंचावर उभं राहायला आता काहीच उरत नव्हतं. आणि कार्यक्रम भिलाईत होता.

सम सोडायची म्हणजे काय, हे मला कोणी शिकवलं ते डिकॉस्टांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. एका रविवारी समोरच्या बंगाल्याकडे लोखंडी टाकी सरकवायची होती. वासुदेव आणि त्याच्या टोळीतले तिघे दोर लावून उभे राहिले. एक म्हणायचा, "जोर लगा के," बाकीचे म्हणायचे, "हैया." मी ओसरीत तांदूळ निवडत होते. माझं लक्ष त्यांच्या पाठींकडे गेलं. 'जोर'ला पाठी सैल आणि 'हैया'ला ताठ. टाकी सरकायची ती दुसऱ्यावर. वासुदेव पाणी प्यायला आला तेव्हा विचारलं, "तुमी लोक बोलावर कावून नाही ओढत?"

"बोलावर थोडी ओढतात बाई. बोल ऐकाचा असते. बोल झाला का मंग सगळे संगच ओढतात. बोलावरच ओढलं त एखाद्याचा हात जाईन."

एवढं बोलून तो परत गेला. मी सूप तसंच ठेवलं. पहिली ऐकायची, दुसरी ओढायची. तिसरी ऐकायची, चौथी ओढायची. ज्याला मी हॅरिसचा कच्चेपणा म्हणत होते, तो माझ्या भावाच्या खांद्यावर घट्टे पाडून बसला होता. पुढचे आठ दिवस मी घरात तशीच वावरले. यमुना म्हणाली, "बाई, तांदूळ निवडून राहिल्या का नाचून राहिल्या?" मी म्हटलं दोन्ही.

चूप राहणं त्याहून अवघड गेलं. सोळा आवर्तनं म्हणजे सावकाश गाण्यात मिनिटभर. मंचावर मधोमध उभं राहून मिनिटभर काही करायचं नाही, हे नाटकातल्या माणसाला सांगून बघा. आमच्याकडे नटी तेवढा वेळ गप्प राहिली म्हणजे ती नक्कल विसरली. विंगेतून प्रॉम्प्टर जिवाच्या आकांताने शब्द फेकतो. मी हात हलवायचे, पदर सारखा करायचे, उगाच लांब बघायचे. शेवटी हॅरिसच म्हणाला, "मॅडम, इंजन सिग्नल पे खड़ा रहता है, वो भी ड्यूटी है." त्या माणसाने झाल्या प्रकाराचा राग धरला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

इथे गिऱ्हाइकांचं थोडं सांगते, नाहीतर राहून जाईल. पुढे शनिवारी येणाऱ्यांत भट्टीवरचा एक रशियन इंजिनीअर होता, भला थोरला, तो नेहमी मंचाकडे पाठ करून बसायचा. मला अपमान वाटायचा. दुभाषी बाईकडून विचारलं, तर म्हणाला, दिवसभर आगीकडे बघतो, संध्याकाळी कशाकडेच बघावंसं वाटत नाही. कान इकडेच आहेत. बिलासपूरला एक साहेब दर वेळी तेच एक गाणं मागायचे आणि ते सुरू झालं की उठून बाहेर जायचे. का, ते मी विचारलं नाही. आणि एकदा माझा पदर त्या मोठ्या उभ्या बासच्या खुंटीत अडकला, तेव्हा अख्खं गाणं मी बासवाल्याच्या खांद्याला खांदा लावून म्हटलं. लोकांना वाटलं तसंच बसवलेलं आहे.

तर निरोपाचा कार्यक्रम. आठ दिवस आधी मी वासुदेवला जेवताना सांगितलं, "भिलाईत गाणं हाये. क्लबात. तुले शब्द देल्ला होता, तो मोडून राहिली मी."

त्याने घास खाली ठेवला. "माही टोळी हाये बाई. उद्या त्याइच्यात बसाचं हाये मले."

"आन मले कुठं बसाचं हाये?"

त्याने ताट सारलं. हात धुतले आणि शिफ्टला गेला. पुढचे आठही दिवस घरात यमुनाच दोघांशी बोलायची, निरोप्यासारखी. मला वाटलं, आता या घरातलं माझं अंथरूण उचलायची वेळ आली. मी ट्रंक झाडून ठेवली. गाणं मात्र सोडलं नाही. हे लिहितानाही मला त्याचा पुरता पश्चात्ताप होत नाही, अर्धाच होतो.

कार्यक्रम क्लबच्या हिरवळीवर, उघड्यावर होता. मी दुपारी पोचले तर मंच उभा, कनात बांधलेली, खांबांवर कर्णे चढवलेले. एवढं जड काम खलाशांशिवाय कोण करणार. शिडीवर वासुदेव होता. त्याच्या टोळीला हे काम आठवड्यापूर्वीच लागलेलं होतं आणि त्याने मला सांगितलं नव्हतं. मंच सोडवून न्यायचा म्हणून टोळीला शेवटपर्यंत तिथेच थांबायचं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, दोराची गाठ आवळली आणि शिडी उतरून पलीकडे गेला.

संध्याकाळ झाली. पुढे खुर्च्यांवर रशियन आणि साहेब लोक, कुंपणाबाहेर कारखान्याची माणसं सायकली धरून उभी. त्यांत आमच्याकडची बरीच होती. टोळी उजवीकडच्या खांबाशी. मी सवयीप्रमाणे मंचाला हात लावून कपाळाला लावला. फळ्या माझ्या भावाने बांधलेल्या होत्या, तेव्हा पडायची भीती नव्हती.

दिव्याचं गाणं धरलं. बोल ऐकला, मग ओढलं. हॅरिस मागे होता, मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शब्द आपोआप ठोक्याच्या किंचित मागून येत होते आणि माझा फाटलेला खालचा आवाज कर्ण्यातून कुंपणापर्यंत जात होता, तोही न ओरडता. मग डिकॉस्टांनी ट्रम्पेट उचलला आणि मी चूप झाले. हात खाली. पदर जसा होता तसा. मी फक्त ऐकत होते. वीस वर्षं मंचावर ऐकण्याचा अभिनय केला होता. खरंच ऐकलं ते त्या दिवशी. तेवढ्यात नजर उजवीकडे गेली. वासुदेवने खांब दोन्ही हातांनी गच्च धरला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, शरमेने. पण सोळा आवर्तनं भरली, माझी जागा आली, आणि मी आत शिरून गाणं संपवलं.

टाळ्या सुरू व्हायच्या आत उजवीकडच्या खांबापासून आवाज आला, "वन्स मोअर."

तो आवाज मी बांधीतल्या हजार माणसांत ओळखला असता. मग कुंपणाबाहेरची आमची माणसं ओरडायला लागली, त्यांचं बघून पंजाबी, आंध्रावाले, आणि शेवटी खुर्च्यांवरचे रशियन उभे राहून आपल्या उच्चारात तेच. हॅरिस म्हणाला, "अभी? पूरा गाना फिर से?" डिकॉस्टा नागपुरात राहिलेले, त्यांना ही रीत सांगायला लागली नाही. आम्ही गाणं पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून, मधल्या सोळा आवर्तनांसकट.

कार्यक्रम आटोपल्यावर मी शाल घडी करत होते तेव्हा खांबाशी टोळीचा मुकादम वासुदेवला विचारत होता, "वो बाई तेरी कौन लगती है?"

"बहन है मेरी. बड़ी. नाटक में थी."

मंच सोडवून झाल्यावर तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर सेक्टर २ पर्यंत पायी आला. अर्धा रस्ता झाला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मधात इसरली होती नं तू?"

मला आधी कळलंच नाही.

"मी पायलं. एकदम चूप झाली. मनलं आता शिट्ट्या वाजतीन. माह्याच्यानं राहवलं नाही, मनून ओरडलो." थोडं चालून पुन्हा म्हणाला, "दुसऱ्या बारीतही तिथंच अडकली तू. पण ते बाजेवाले भले लोक हायेत. सांभाळून घेतलं त्याइनं तुले."

ज्या टोळीपासून इतकी वर्षं त्याने मला लपवलं, तिच्यात उभं राहून तो ओरडला होता, आणि तेही मी न केलेल्या चुकीसाठी. त्याला सगळं समजावून सांगता आलं असतं. चूप राहणं हीच माझी नोकरी आहे आणि ठोका मी तुझ्याकडून शिकले, हेही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो रे. शब्दच गेला डोक्यातून. बरं झालं ओरडला."

शनिवारचं काम आम्हाला मिळालं. शेजारणींनी वह्या आणणं बंद केलं, त्याचं सुख वेगळंच. आता ऑटोने सिव्हिक सेंटरच्या बाजारात जाताना कोणी जुना माणूस भेटला, तर त्या गाण्यांचं विचारतो, आणि वासुदेवचंही. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तो जिथे जमेल तिथे यायचा, मागच्या बाजूला उभा राहायचा आणि दर वेळी वन्स मोअर द्यायचा. खरं काय ते सांगायचं मी पुढे पुढे ढकलत गेले, आणि ते राहून गेलं. टोळीतल्या लोकांना तो मोठ्या कौतुकाने सांगायचा, आमची बाई गाते लय चांगली, फक्त मधात इसरते.